बर्फाच्या नाळेतलं लाल फडकं

त्या दिवशी तिथं पाच माणसं व्हती. एक मी. दुसरा माझा धाकला ल्योक, चाकणच्या कंपनीतून निघालेल्या नव्या गाड्या चालवत लांबच्या शोरूमला पोचवायचा तो. तिसरे त्याचे जोडीदार, लातूरकडचे, पन्नाशीचे, कुरुळीत आमच्याच खोल्यांत भाड्यानं राहायचे. आमी त्यांना लातूरवाले म्हणायचो. चौथा तिथला म्हातारा, मेंढरं राखणारा, ज्याच्या घरात आमी अडकलो. आन पाचवी त्याची म्हातारी. नावं घालत न्हाई. नावानं काय व्हतंय.

मी दुसरीपर्यंत शिकले. नात लिहून घेती, मी बोलती. माझं म्हायेर भीमाशंकरच्या अंगाला, डोंगरात. सासर कुरुळी. मालक गेले तवा धाकला चार वर्षांचा व्हता. कंपनीतल्या माणसांचे डबे केले, थोरली लेक आन हा, दोन पोरं वाढवली. आमच्या वावराच्या जागी आता गाड्यांचं यार्ड हाय. ल्योक त्याच वावरातनं गाडी काढून लांबच्या मुलखाला निघायचा. त्यात रडण्यासारखं काय न्हाई, समद्यांचंच तसं झालं.

माघ लागला व्हता. त्याला आन लातूरवाल्यांना जम्मूच्या वर दोन पिकअप पोचवायच्या व्हत्या. नव्या गाडीत घरचं माणूस बसवायचं न्हाई असा नियम हाय, पर बसवत्यात. ल्योक म्हणला, "आये, चल, देवीच्या दर्शनाला नेतो. पुन्हा म्हणशील पोरानं कुटं नेलं न्हाई."

मी म्हणले, "म्हणीनच. तिसऱ्या दिवशी तुला आठवंल का, मी हाय गाडीत?"

लातूरवाले हसले. "मावशे, तू फकस्त भाकरी बांधून घे. आठवण आम्ही ठेवताव."

देवीचं झालं. त्याच्या वर म्होरं जायचं व्हतं तर मोठा रस्ता बर्फानं बंद. चहाच्या टपरीवर कुणीतरी सांगितलं, दरीतनं दुसरा रस्ता हाय, तो खुला हाय. घाटात आमच्याकडं असं कुणी सांगितलं तर आमी ऐकतो. तिथंबी ऐकलं. दुपारी भुरभुर सुरू झाली. संध्याकाळच्या आत रस्ता चाकाखाली हाय का न्हाई ते कळंना. तेवढ्यात तो म्हातारा काठी आपटत समोरनं आला आन दोन्ही हातांनी थांबा थांबा करायला लागला. त्यानंच गाड्या एका मोठ्या दगडाच्या आडोशाला लावून घेतल्या आन आमाला त्याच्या घरी चालवत नेलं.

मधी एक नाळ व्हती. नाळ म्हंजे दोन डोंगरांमधली घळ, पार वरच्या शेंड्यापासून खाली वढ्यापर्यंत. नाळेच्या अल्याडच्या कडंला गाड्या, पल्याड म्हाताऱ्याचं घर. तवा तिच्यात गुडघ्याइतकंच बर्फ व्हतं. बरोब्बर मधी एक बांबू रोवलेला, त्याला लाल फडकं बांधलेलं. अंधारून आलं व्हतं तरी मला ते दिसलं. मी चालता चालता थांबले आन हात जोडाया लागले तर म्हाताऱ्यानं माझं मनगट धरलं आन वढतच नेलं. मला वाटलं, गारठलाय, घाई हाय.

घरी पोचल्यावर मी ल्योकाला म्हणले, "हितला देव हाय तो. आपुन तसंच वलांडून आलो. बरं न्हाई झालं."

"जाताना पाया पडू की," तो म्हणला.

माझ्या बीपीच्या गोळ्या गाडीच्या कप्प्यात राहिल्या. ते मला घरात बसल्यावर ध्यानात आलं. मी बोलले न्हाई.

तीन दिस, तीन रात्री बर्फ पडलं. पाऊस पडतो तर आवाज करतो. पत्र्यावर वाजतो, पन्हाळीतनं वाहतो, कळतं की तो हाय. बर्फाला आवाजच न्हाई. तुमी झोपता, उठता, दाराबाहेर बघता तर कालची दगडी भिंत गायब. कुणी येऊन जग पुसून टाकतंय आन त्याच्या पावलांचा आवाजबी येत न्हाई, असं. वारा मातर वाजायचा. डोंगराच्या पल्याडनं यायचा आन तिकडचं बर्फ उचलून आमच्या बाजूला टाकायचा. दुसऱ्या दिवशी ढग जरा फाटले तवा म्हाताऱ्यानं मला वर बोट करून दाखवलं. शेंड्याच्या कडंला बर्फाची वळचण झाली व्हती, घराच्या छपरासारखी पुढं वाकलेली. खाली काय आधार न्हाई. त्यानं नुसती मान हलवली.

तिसऱ्या दिवशी ल्योक मेंढरांच्या गोठ्याकडं चालला व्हता, मी दारात. त्यानं नव्या बर्फावर पाय ठेवला आन आवाज आला. कसा सांगू? शेजारच्या खोलीत कुणी ज्वारीचं भरलं पोतं टाकावं तसा. धप्प. आन आख्खं अंगण बोटभर खाली बसलं. माझ्या पायाखालचाबी उंबरा हलला असं वाटलं. ल्योक जागच्या जागी उभा राहिला. लातूरवाले आतनं म्हणले, "कोण पडलंय?" कुणीच पडलं न्हवतं.

म्हातारा लाकडी फावडं घेऊन आला. अंगणाच्या कडंला बर्फ उभं कापलं, भिंतीसारखं, आन मला बस म्हणला. वर भुसभुशीत. त्याच्याखाली वीतभर घट्ट थर, गिलाव्यावानी. आन त्याच्याखाली, तळाला, मोकळे मोकळे दाणे. मी हातात घेतले, जाड मिठावानी, मूठ वळना. त्यानं वरच्या थरावर तळहातानं दोनदा थापटलं, तर तो आख्खा थर दाण्यांवरनं सुटला आन घसरून त्याच्या मांडीवर आला. त्याचं बोलणं मला समदं कळत नव्हतं, पर हे कळलं. माझ्या म्हायेरी कातळावरची माती श्रावणात अशीच सुटती. वरनं हिरवीगार दिसती, नाचणी डोलत असती, आन खालनं धरलेलं काय नसतं.

मला कळलं व्हतं. हे मला आधी लिहायचं हाय.

चौथ्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. आभाळ निळंशार, वारा न्हाई. डोळं उघडवंना इतका उजेड. रात्री माझ्या नाकातनं रक्त आलं व्हतं. मी पदरानं पुसलं, पर पहाटं म्हातारीनं चहा देताना बघितलं आन ल्योकाला सांगितलं. खारट चहा व्हता, तिकडं मीठ घालूनच करतात.

"आये, गोळ्या कुटं हायेत?"

"हायेत."

"कुटं हायेत?"

"गाडीत."

"तीन दिस झालं!" तो वरडला. "तीन दिस तू नुसती बसून हाईस?"

"मंग काय नाचू?"

म्हातारा तवा मेंढरांकडं गेला व्हता. जाताना तो सांगून गेला व्हता, आज कुणी नाळंत उतरायचं न्हाई. उद्या, सूर्य निघायच्या आधी, बर्फ कडक असताना, एकेक माणूस, बाकीच्यांनी कडंला उभं राहून बघायचं. लातूरवाल्यांनी मराठीत करून सांगितलं व्हतं.

ल्योक म्हणला, "पाऊस पडत असताना घाटात शिरू नये हे खरं. पर आता उघडीप पडली. उघडीप पडल्यावर कोण थांबतंय? अर्ध्या तासाचं काम हाय."

लातूरवाले म्हणले, "म्हाताऱ्याला येऊ दी की भावा. त्याचा डोंगर हाय."

"तवर आयेला काय झालं तर?"

लातूरवाले माझ्याकडं बघाया लागले. मी न्हाई म्हणले असते तर तो गेला नसता. मी ते दाणे हातात घेतले व्हते. पर डोकं असं ठणकत व्हतं की डोळ्यापुढं काळं यायचं, आन मला वाटलं, परमुलखात मेले तर पोराला माझं मढं घेऊन या नाळंतनं जावं लागंल. मी म्हणले, "लवकर ये."

आमी तिघं नाळेच्या कडंपर्यंत आलो. ल्योक उतरला. मांडीइतकं बर्फ. तो पाय काढायचा, टाकायचा. पंचवीस-तीस पावलं गेला असंल तर मागनं म्हातारा पळत आला. फावडं खांद्यावर, तोंडाला फेस. मला वाटलं, हाक मारून माघारी बोलवंल. त्यानं वर बघितलं, ल्योकाकडं बघितलं आन हळूच म्हणला, "अब जाने दो. रुकना नहीं चाहिए बस." मंग माझा खांदा धरला. "माँजी, आप उसी को देखो. नज़र मत हटाना. मैं ऊपर देखता हूँ."

म्हंजे मी पोराकडं बघायचं, तो डोंगराकडं बघणार. येवढं एकच काम मला दिलं व्हतं.

मी बघत व्हते. कवा डोळ्यातनं पाणी आलं तरी पुसलं न्हाई. तो मधी पोचला. बांबू आता वीतभरच वर राहिला व्हता, लाल फडकं बर्फाला टेकलेलं. आन तो तिथं थांबला. कानटोपी काढली, खिशात घातली, पायातनं चप्पल काढावी तसा जरा वाकला, आन हात जोडून कपाळाला लावले.

म्हातारा वरडला, "चलो! चलो!"

आन मी काय केलं? पोरगा पाया पडतोय बघून मीबी हात जोडले. मान खाली घातली. डोळे मिटले. साठ वर्षांची सवय, हातच गेले. लातूरवाल्यांनीबी टोपी काढली व्हती, मान खाली.

धप्प. तेच पोतं. पर आता आख्ख्या डोंगराच्या पोटात.

डोळे उघडले तवा समोर पांढरी धूळ व्हती, गिरणीत पिठाची उडती तशी, आन तिच्यातनं ऊन चमकत व्हतं. आवाज खाली खाली गेला आन वढ्यात जाऊन मेला. मंग काहीच न्हाई. पाखरू न्हाई, वारा न्हाई. धूळ बसली. ह्या कडंनं ल्योकाच्या पावलांची रांग निघाली व्हती, सरळ, पंधरा-वीस पावलं. तिथनं म्होरं पाऊल न्हाई. बांबू न्हाई. फडकं न्हाई. वर डोंगराला आडवी भेग, चमच्यानं दही कापल्यावानी. असं वाटलं की तो कुणी कवा नव्हताच, ती पावलं मीच काढलीत.

म्हाताऱ्यानं पुन्हा येकदा वर बघितलं, हातानं या म्हणला, आन आमी उतरलो. पायाखाली आता पीठ न्हाई, ढेकळं, सिमेंटवानी बसलेली. तो मला विचाराया लागला, "कहाँ था? आख़िर में कहाँ देखा?"

मला सांगता यायला पायजे व्हतं. कंच्या बाजूला पडला, किती खाली वाहत गेला, कुठं दिसायचा बंद झाला. त्याच्यासाठीच मला उभं केलं व्हतं. मी बोट वर केलं, जिथं बांबू असंल असं वाटलं तिथं. म्हणले, "तिथंच व्हता. तिथंच हाय. वर खणा."

आईनं सांगितलं म्हणल्यावर कोण इचारणार? लातूरवाले फावडं घेऊन वर गेले आन खणाया लागले. म्हातारा काठी खुपसत त्यांच्या मागं. त्यांनी घट्ट बर्फात खड्डा केला, कमरंइतका, कायबी न्हाई. मी खालच्या ढेकळांवर उभी राहून वरडत व्हते, "तिथंच, आजून वर, आजून वर!" दोन भाकरी थापून, भाजून, दुरडीत पडतात तेवढा येळ गेला. कमी न्हाई.

मंग लातूरवाले थांबले. घामानं चिंब, दाढीवर बर्फ. मला म्हणले, "मावशे, खरं सांग. नक्की बघितलंस का?"

मी आयुष्यात लई गोष्टी गिळल्या. मालकाचं गेलेलं वावर गिळलं, डब्याचे टोमणे गिळले. कुणापुढं मान खाली घातली न्हाई. हेबी गिळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मी म्हणले, "न्हाई. मी डोळे मिटले व्हते. त्यानं हात जोडले तवा मीबी जोडले. मला ठावं न्हाई तो कुटं हाय."

लातूरवाल्यांनी ते हिंदीत सांगितलं. म्हातारा वरनं सरळ खाली आला, पसरलेल्या बर्फाच्या पार शेवटाकडं, वाकून वाकून बघत. म्हातारी घरातनं पळत आली व्हती, तीबी बघाया लागली. तिलाच दिसला. कानटोपीचा गोंडा, बोराएवढा, माझ्यापासून तीन हातावर. म्हाताऱ्यानं मला हातानं बाजूला केलं आन मी उभी व्हते तिथंच काठी खुपसली. दुसऱ्या खेपंला काठी मऊ लागली.

आमी चौघांनी खणलं. फावड्यानं, हातानं, म्हातारीनं चुलीवरच्या परातीनं. आधी हात दिसले. कपाळापुढं जोडलेलेच व्हते. मंग तोंड, निळं. म्हाताऱ्यानं तोंडातलं बर्फ बोटानं काढलं, छातीवर दाबलं, तोंडात फुंकलं. मी बघत व्हते. आता डोळे मिटले न्हाई. मंग तो खोकला.

खांदा मोडला व्हता, तीन बरगड्या मोडल्या व्हत्या. दुसऱ्या दिवशी पहाटं, दगडावानी कडक बर्फावरनं, म्हाताऱ्यानं सांगितलं तसं एकेकानं नाळ वलांडली. ल्योकाला फळीवर बांधून वढत नेलं. कुणी थांबलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. गाड्यांच्या कडंला पोचल्यावर लातूरवाल्यांनी म्हाताऱ्याला इचारलं, तो कंचा देव व्हता? म्हातारा म्हणला, देव कुठला? मागं माणसं गाडली गेली त्या वाटंवर आमी लाल कापड लावतो. इथं पाऊल थांबवू नका म्हणून. त्याला वाटलं व्हतं, लाल म्हंजे काय ते समद्या मुलखाला ठावं असतं. आमाला वाटलं व्हतं, आमालाबी ठावं हाय.

ल्योक बरा झाला. आता लांब जात न्हाई, यार्डातल्या यार्डात गाड्या लावतो. गावातली म्हणतात, हात जोडलेले व्हते म्हणून तोंडापुढं पोकळी राहिली, देवानंच वाचवला. मी वाद घालत न्हाई. त्याच हातांनी त्याला तिथं उभं केलं व्हतं.

एक गोष्ट त्यानं मला लई दिसांनी सांगितली. पुनावळ्याला लेकीकडं चाललो व्हतो, गाडी सिग्नलला उभी व्हती. तो समोर बघत म्हणला, "आये, मला समदं ऐकू येत व्हतं."

"काय?"

"खाली. काळंकुट्ट व्हतं. बोट हलत न्हवतं. वर कंच्या बाजूला हाय ते कळंना. थुंकी गालावरनं कानाकडं गेली, तवा कळलं मी आडवा हाय. आन वर तुझा आवाज. अगदी डोक्यावर. मी वरडत व्हतो, आये मी हितं हाय. तू म्हणत व्हतीस, तिथं खणा, वर खणा."

मी लाल दिव्याकडं बघत व्हते.

"मंग तू म्हणालीस डोळे मिटले व्हते. तवा मला वाटलं, आता सापडीन."

सिग्नल सुटला. त्यानं गिअर टाकला.

थंडीत कुरुळीला धुकं पडतं. पहाटं मी दार उघडते तर यार्डातल्या गाड्या दिसत न्हाईत, नुसतं पांढरं. तिथं आमची ज्वारी व्हती. मी उंबऱ्यात उभी राहते आन ऐकते. कवा कवा वाटतं, त्या पांढऱ्याखालनं कुणी माझं बोलणं ऐकतंय. उत्तर देतंय, आन मला ऐकू येत न्हाई. मंग पहिल्या शिफ्टची बस वाजती, आन मी आत येते.

हे वाचणारा आमच्या बाजूचा गडी असंल, गाडी घेऊन वर जाणार असंल, न्हाईतर पोरांना बर्फ दाखवायला नेणार असंल, तर माझं येवढंच मागणं हाय. तिथल्या माणसाला इचारा. नवं बर्फ पडून ऊन निघालं तर त्या दिवशी निघू नका. नाळ वलांडताना एकानं चाला, बाकीच्यांनी बघा. आन ज्याला बघाया ठेवलंय, त्याला सांगून ठेवा, काय वाट्टेल ते झालं तरी डोळे मिटू नको. मिटलेच, तर लगेच सांग.